पावसाळ्यात क्लिअर कोट मारावा का? आणि मॉडेल गाड्यांविषयी आणखी काही प्रश्न

प्लॅस्टिक किटमधून गाड्या बांधणाऱ्या वाचकांची या वेळी आलेली बहुतेक पत्रे रंगाविषयीच आहेत. जोडणीच्या शंका त्यामानाने थोड्या, त्या शेवटी घेतल्या आहेत. एकसारख्या प्रश्नांना एकच उत्तर दिले आहे.

प्रश्न : काळ्या बॉडीवर स्प्रे कॅनचा ग्लॉस क्लिअर (रंगावरचा चकचकीत पारदर्शक थर) जुलैमध्ये मारला. दहा मिनिटांत सगळी गाडी दुधाळ झाली. पुसूनही जात नाही. रंग खरवडून काढावा लागेल का? (वाचक, अलिबाग)

उत्तर : खरवडू नका आणि आता पुसूही नका. हा क्लिअर लॅकर जातीचा, म्हणजे थिनर उडून वाळणारा; त्यातले थिनर भराभर उडते आणि जाताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जाते. बॉडी भोवतालच्या हवेपेक्षा थंड पडते. कोकणातल्या जुलैच्या हवेत एवढा गारवा पुरतो; बाष्प ओल्या थरावरच धरते, त्यात अडकते आणि पांढरे दिसू लागते. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवरही हे होतच असते, फक्त तिथे डोळ्यांना जाणवत नाही.

बॉडी झाकणाच्या डब्यात दोन दिवस राहू द्या. मग कोरडा दिवस बघून, म्हणजे हायग्रोमीटरवर आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली आल्यावर, त्याच क्लिअरचा एक ओलसर पण पातळ हात द्या. नव्या हातातले थिनर खालचा थर जरासा मऊ करते, अडकलेले पाणी सुटते आणि बहुतेक वेळा दुधाळपणा निघून जातो. एअरब्रश असेल तर मिस्टर कलर या ब्रँडचे लेव्हलिंग थिनर नुसतेच, १ बारच्या आसपास प्रेशर ठेवून, धुक्यासारखे एकदा फिरवा. त्यात रिटार्डर असल्याने ते सावकाश उडते आणि थराला सपाट व्हायला वेळ मिळतो. चकाकी आली की थांबायचे. दुसऱ्यांदा फिरवलेत की ओघळ आलाच म्हणून समजा. क्लिअरच्या खाली डिकल (पाण्यात भिजवून लावायची छापील चित्रे) असतील तर मात्र या उपायाच्या वाटेला जाऊ नका. थिनर थेट डिकलपर्यंत पोचते.

आता पुढच्या वेळेसाठी. डिजिटल हायग्रोमीटर स्वस्तात मिळतो, तो रंगाच्या टेबलावर कायम ठेवा. आकडा ७० च्या वर असेल तर ग्लॉस क्लिअर मारायचा नाही, मग ऊन कितीही छान पडलेले असो. कॅन कोमट पाण्यात (हाताला सोसेल इतपत, ४० अंशांच्या आतबाहेर) पाचेक मिनिटे उभा ठेवा, बाहेर काढून पूर्ण पुसा आणि भरपूर हलवा. प्रेशर वाढते, थेंब बारीक होतात. उकळते पाणी किंवा गॅसची शेगडी कॅनच्या जवळपासही नको. बॉडीसुद्धा हेअर ड्रायरने लांबून जराशी उबदार करून घ्या, म्हणजे ती दवबिंदूच्या खाली जात नाही. कॉम्प्रेसर वापरणाऱ्यांनी नळीवर मॉइश्चर ट्रॅप बसवलाच पाहिजे. किनारपट्टीवर अर्ध्या तासात नळीत पाणी साठते आणि ऐन वेळी नोझलमधून थेंब उडतो.

एसी लावून खोली कोरडी करण्याची युक्ती चालते, पण फवारणी चालू असताना एसी बंद हवा. नाहीतर थिनरची वाफ खोलीतच फिरत राहते.

शीर्षकातल्या प्रश्नाचे, म्हणजे पावसाळ्यात क्लिअर मारावा का याचे, आमचे उत्तर विचाराल तर, नाही, मारू नये. जून ते सप्टेंबर चासी, सीट, डॅशबोर्ड, चाके ब्रशने रंगवा, घासकाम आणि पुट्टी उरका, रंगताना भाग झाकायचे टेपचे मास्क कापून ठेवा. चकचकीत बॉडी दसऱ्यानंतर.

प्रश्न : माझी अडचण उलटी. मे महिन्यात मारलेला रंग हाताला खरखरीत लागतो, काही ठिकाणी संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. पॉलिशने ठीक होईल का? (वाचक, नागपूर)

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. खरखर म्हणजे रंग हवेतच सुकून भुकटी होऊन बसला. साल म्हणजे थेंब ओले बसले, पण पसरून एकजीव व्हायच्या आत आखडले. नागपूरच्या मे महिन्यात दोन्ही एकाच बॉडीवर होतात, कारण छताच्या वेळी हात जवळ असतो आणि बाजू रंगवताना तो नकळत लांब जातो.

कॅन २० ते २५ सेंटीमीटरवर धरा, एअरब्रश १० वर. रंग बॉडीच्या बाहेर सुरू करा, बॉडीवरून सरळ न्या, पलीकडे गेल्यावर बोट सोडा. पहिला हात धुक्यासारखा. खालचा रंग दिसत राहिला पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, तसाच हलका. तिसरा ओला: ट्यूबलाइटचे प्रतिबिंब रंगात दिसेल इतका. घाबरून सगळे हात हलके मारले की खरखर वाढते. उन्हाळ्यात हे काम सकाळी सहा-सातला करा, कूलर बंद ठेवून. कूलरने आर्द्रताही वाढते आणि धूळही उडते. एअरब्रशवाल्यांनी लॅकर एकास दीड ते एकास दोन पातळ करावे आणि साधे थिनर सोडून लेव्हलिंग थिनर घ्यावे.

झालेल्या बॉडीचे काय करायचे? आधी नाक लावून बघा. रंगाला थिनरचा वास येत असेल तर तो आतून वाळलेला नाही आणि घासला की खोलवर ओरखडे पडतात. स्प्रे कॅनच्या लॅकरला आठवडा द्या. घाई असेल तर खोक्यात ४० वॉटचा जुना पिवळा बल्ब लांब टांगून वाळवणीचा डबा करता येतो, मात्र आत थर्मामीटर ठेवा. ४५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका, छताचे पातळ खांब वाकू शकतात.

मग १५०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून, बोटाने न दाबता इरेझरच्या तुकड्यावर गुंडाळून फिरवा. सगळीकडे एकसारखी मॅट झाली, एकही चकाकता खड्डा उरला नाही, की २००० नंबर. त्यानंतर टॅमिया कंपनीचे पॉलिशिंग कंपाउंड आधी कोअर्स, मग फाइन, मग फिनिश, प्रत्येकाला वेगळे फडके.

आणि इथेच बहुतेकांची गाडी बिघडते. रंग सपाट भागावर जाड बसतो आणि कडांवर पातळ. चाकांच्या कमानी, बॉनेटची धार, दाराच्या फटीच्या कडा या ठिकाणी चार फेऱ्यांत प्लॅस्टिक बाहेर येते. घासण्याआधी सगळ्या कडांवर २ मिलिमीटरची मास्किंग टेप लावा आणि ती फक्त शेवटच्या पॉलिशला काढा. मेटॅलिक रंग असेल तर रंगाचा थर अजिबात घासायचा नाही. चंदेरी कण कापले जातात आणि डाग पडतात. मेटॅलिकवर तीन हात क्लिअर देऊन फक्त क्लिअर घासायचा.

एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. खऱ्या गाडीवरचा रंग साधारण १०० मायक्रॉनचा असतो. १/२४ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाच्या मापात, तो ४ मायक्रॉन व्हायला हवा, आणि आपण प्रायमरपासून क्लिअरपर्यंत त्याच्या कितीतरी पट चढवतो. म्हणून दारांच्या आणि बॉनेटच्या फटी रंग लावल्यावर बुजल्यासारख्या दिसतात. प्रायमरच्या आधीच त्या स्क्राइबरने किंवा ब्लेडच्या पाठीने दोन-तीनदा ओढून खोल करा.

प्रश्न : लाल प्लॅस्टिकच्या बॉडीवर पांढरा मारला. दोन आठवड्यांत गुलाबी झाली. (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : लाल प्लॅस्टिकमधला रंगद्रव्याचा अंश लॅकरच्या थिनरमध्ये विरघळून वर चढतो. पांढऱ्याचे अजून पाच हात मारलेत तरी तो चढतच राहील. मधे अडसर लागतो: ग्रे प्रायमर, त्यावर चंदेरी रंगाचा एक पूर्ण हात, मग पांढरा प्रायमर, मग पांढरा रंग. चंदेरीतले ॲल्युमिनियमचे चपटे कण एकमेकांवर बसून वाट अडवतात. तुमच्या बॉडीवर गुलाबी पांढऱ्याला हलके घासून तिथूनच चंदेरीपासून सुरुवात केली तरी चालेल, थर जाड होईल एवढेच. रंग उतरवणार असाल तर पुढचे उत्तर बघा.

प्रश्न : हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे कॅन वापरला. एका बॉडीवर प्लॅस्टिकला बारीक तडे गेले. दुसऱ्या बॉडीवर आधी ब्रशने ऑइल पेंट होता, तिथे रंगाला सुरकुत्या पडल्या. परदेशी कॅन परवडत नाहीत आणि ऑनलाइन मागवले तर परदेशातून पाठवत नाहीत. (वाचक, नाशिक)

उत्तर : एरोसोल कॅन ज्वालाग्राही म्हणून विमानाने सहसा पाठवत नाहीत. त्यामुळे ते जहाजाने माल आणणाऱ्या भारतीय विक्रेत्यांकडूनच घ्यावे लागतात. बाटलीतला रंग आणि एअरब्रश हा दीर्घकाळात स्वस्त मार्ग आहे.

स्थानिक कॅन वाईट नसतात, ते पत्र्यासाठी आणि लाकडासाठी बनवलेले असतात. त्यांतले थिनर पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लॅस्टिकला, चावते. उघड्या प्लॅस्टिकवर ओला हात बसला की पृष्ठभाग विरघळून जाळी पडते, आणि किट मोल्डिंगच्या वेळी जिथे ताणले गेले तिथे तडे. ड्यूकोचा, म्हणजे असा दुकानातला लॅकर जातीचा, कोणताही रंग वापरायचा तर खाली मॉडेलचा लॅकर प्रायमर (मिस्टर सरफेसर १००० किंवा टॅमियाचा फाइन सरफेस प्रायमर) दोन हात, एक दिवस वाळवून, आणि वर ड्यूकोचे हात कोरडे-कोरडे, मधे वीस मिनिटे. आधी किटच्याच रनरवर, म्हणजे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर, चाचणी घ्या. प्लॅस्टिक तेच असते, त्यामुळे निकाल खोटा ठरत नाही.

सुरकुत्यांचे कारण कोणताही जुना रंगारी सांगेल: ऑइल पेंटवर ड्यूको बसत नाही. ऑइल पेंट म्हणजेच एनॅमल वरून वाळलेला दिसला तरी लॅकरचे थिनर आत शिरून त्याला फुगवते. लॅकरवर एनॅमल चालतो, लॅकरवर ॲक्रिलिक चालतो, ॲक्रिलिकवर एनॅमल चालतो. एनॅमलवर लॅकर नाही. चारही वाक्ये कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवा.

बिघडलेला लॅकर उतरवायला केमिकलच्या दुकानातले ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. झाकणाच्या डब्यात बॉडी रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा, राहिले तर पुन्हा बुडवा. पॉलिस्टायरीनला त्याने सहसा काही होत नाही. काचेचे भाग आणि क्रोमचे भाग आत टाकू नका. डबा देवघराजवळ किंवा ओट्यावर ठेवायचा नाही, वाफ पेट घेते. एनसी थिनर किंवा ॲसिटोनने रंग उतरवायला गेलात तर रंगाबरोबर बॉडीही उतरेल.

प्रश्न : डिकलच्या कडेने चंदेरी झाक दिसते. आणि एका गाडीवर क्लिअर मारताच डिकल आखडले. (वाचक, मडगाव)

उत्तर : झाक म्हणजे डिकलखाली अडकलेली हवा. मॅट किंवा खरखरीत पृष्ठभागाच्या खळग्यांत ती राहते, म्हणून डिकल नेहमी चकचकीत थरावर लावायचे; गाडी मॅट हवी असेल तर मॅट क्लिअर सगळ्यात शेवटी. कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून बाहेर काढा आणि फडक्यावर मिनिटभर ठेवा. पाण्यातच सुटेपर्यंत ठेवले की कागदाचा डिंक धुऊन जातो. जागेवर मार्क सेटर किंवा मायक्रो सेट या डिकल बसवायच्या द्रावणाचा थेंब, त्यावर डिकल सरकवा, मधून कडांकडे ओल्या ब्रशने पाणी काढा. वळणावर मायक्रो सोल हे डिकल मऊ करणारे द्रावण. ते लावल्यावर डिकल भयंकर सुरकुततो. बघत बसा, बोट लावू नका, तासाभरात आपणहून बसतो. झाक आधीच आली असेल तर सुईने तिथे चार-पाच टोचे मारून वरून मायक्रो सोल सोडा.

आखडण्याचे कारण क्लिअरचा पहिलाच हात ओला होता. टॅमियाच्या टीएस-१३ स्प्रे कॅनसारखा लॅकर क्लिअर तेज असतो. डिकल एक पूर्ण दिवस वाळू द्या. मग ३० सेंटीमीटरवरून तीन-चार धुक्याचे हात, प्रत्येकामध्ये अर्धा तास, आणि ते कवच तयार झाल्यावरच ओला हात. भीती वाटत असेल तर मधे टॅमियाच्या एक्स-२२ या ॲक्रिलिक क्लिअरचा थर द्या.

जुन्या किटचे डिकल पिवळे पडले असतील तर ते प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून खिडकीच्या काचेला आतून, उन्हाकडे तोंड करून आठवडाभर चिकटवा, बरेच उजळतात. पाण्यात टाकताच तुकडे होत असतील तर आधी कागदावरच क्लिअरचा हात देऊन प्रत्येक डिकल वेगळा कापा. याच वाचकांनी विचारले आहे की टॅमियाच्या १/२० मॅक्लारेन एमपी४/४ मध्ये सिगारेटच्या जाहिरातीचे डिकल का नाहीत. १९८८ साली १६ पैकी १५ शर्यती जिंकलेली ही फॉर्म्युला वन गाडी तंबाखूच्या जाहिरातीसहच धावली, पण तंबाखूच्या जाहिरातीवरच्या निर्बंधांमुळे किट बनवणारे ते भाग गाळतात. वेगळ्याने डिकल विकणाऱ्या छोट्या उत्पादकांकडून ते घ्यावे लागतात.

प्रश्न : मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी १/२४ मध्ये करायची आहे. एका ओळखीच्यांनी रेझिन थ्री-डी प्रिंट करून दिली, पण तिचे माप बरोबर आहे का ते कळत नाही. पुढे कसे जावे? (वाचक, पुणे)

उत्तर : विषय सुरेख निवडलात. आधी माप. पद्मिनीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यातले अंतर, २३४० मिलिमीटर. १/२४ मध्ये ते ९७.५ मिलिमीटर यायला हवे. व्हर्नियर कॅलिपरने बॉडीच्या कमानींचे मध्य मोजा आणि २३४० ला त्या आकड्याने भागा. ९४ भरले तर उत्तर २४.९, म्हणजे तुमची बॉडी १/२५ ची आहे. शोकेसमध्ये चालून जाईल, पण चाके आणि सीट १/२४ च्या किटमधून घेऊ नका. एकूण लांबीवर विसंबू नका, बंपर धरून मोजली की न धरता यात घोळ होतो. चाकाची रिम १४ इंची, म्हणजे मॉडेलवर १५ मिलिमीटरला जराशी कमी. टायर अरुंद आहेत. स्पोर्ट्स कारच्या किटमधले रुंद टायर बसवले की पद्मिनी ओळखू येत नाही.

प्रिंट इटलीतल्या फियाट ११०० डी च्या फाइलवरून काढली असण्याची शक्यता आहे. तशी असेल तर स्टिअरिंग डावीकडे असेल. डॅशबोर्ड उलटा करावा लागेल, पेडल हलवावी लागतील. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावरच आहे, मधे लिव्हर नको. पुढे एकसंध बाकासारखी सीट. पुढच्या दारांना तिकोनी काच. 'डुक्कर फियाट' म्हणतात ती याच्या आधीची, तिचे फोटो संदर्भाला घेऊ नका. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचे. गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनत होती.

रेझिन बॉडी चिकट लागते का बघा. लागत असेल तर ती नीट पिकलेली नाही आणि तिच्यावर कोणताही रंग वाळणार नाही. आयसोप्रोपिलमध्ये धुवा, पूर्ण सुकू द्या, मग यूव्ही दिव्याखाली सगळ्या बाजूंनी फिरवत ठेवा; आतली बाजू विसरू नका. ती राहिली की काही महिन्यांनी चिकट द्रव बाहेर झिरपतो आणि रंग फोडतो. थरांच्या रेघा काढायला ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्याबरोबरच वापरा. रेझिनची कोरडी भुकटी छातीत जाऊ द्यायची नाही. मग मिस्टर सरफेसर १०००, पुन्हा ६००, पुन्हा सरफेसर, १०००. छताच्या पन्हळीच्या कोपऱ्यात रेघा हमखास उरतात, टॉर्च आडवा धरून बघा. प्लॅस्टिकचा सिमेंट (प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा गोंद) रेझिनवर काहीही करत नाही. सुपरग्लू किंवा दोन ट्यूबचा इपॉक्सी वापरा.

रंगात पिवळा आधी. पिवळ्याला झाकण्याची ताकद नसते, म्हणून खाली पांढरा किंवा गुलाबी प्रायमर. टॅमियाच्या टीएस-१६ पिवळ्यापेक्षा टीएस-३४ कॅमल यलो टॅक्सीच्या छताला जवळचा वाटतो. दोन दिवसांनी छत झाका: कडेला ६ मिलिमीटरची टेप, नखाने दाबून, उरलेल्याला कागद. काळा मारण्याआधी टेपच्या कडेवर पुन्हा पिवळ्याचाच एक हलका हात द्या. फटीतून जे काही आत झिरपायचे ते पिवळे झिरपेल आणि फट बंद होईल. मग काळा, टीएस-२९ सेमी ग्लॉस. रोज रस्त्यावर राबणारी टॅक्सी पियानोसारखी चकाकत नाही. अर्ध्या तासाने टेप स्वतःवर उलटी दुमडून हळू ओढा. काळा-पिवळा नेमका कुठे मिळतो हे अंदाजाने ठरवू नका. एकच गाडी निवडून तिचे चारही बाजूंचे फोटो समोर ठेवा.

ही टॅक्सी ज्या गोष्टींनी टॅक्सी होते त्या बारीक आहेत. बाहेर, पुढच्या डाव्या बाजूला बसवलेला यांत्रिक मीटर: प्लॅस्टिक शीटचे तुकडे एकावर एक चिकटवून ठोकळा करा, कोपरे घासा, झेंडीसाठी तांब्याच्या तारेचे टोक हातोडीने चपटे करा. टपावरचा कॅरिअर ०.५ मिलिमीटर पितळी तारेचा. खरी १२ मिलिमीटरची सळई याच मापात येते. तारा कागदावर काढलेल्या आराखड्यावर टेपने पक्क्या करून सोल्डरने डाग देऊन जोडा. सुपरग्लूने जोडलेला कॅरिअर उचलताना सुटतो. बॉडीवर बसवण्याआधी रंगवा. छताच्या आत फुलाफुलांचे रेक्झिन असे. पातळ कागदावर छोट्या नक्षीची प्रिंट काढून, मॅट क्लिअर मारून, पांढऱ्या फेविकॉलने आतून चिकटवा. काचेतून दिसते आणि बघणारा तिथेच थांबतो.

नंबरपाटी ५०० × १२० मिलिमीटरची धरली तर मॉडेलवर २०.८ × ५. इंकजेटने पिवळा छापू नका, फिका येतो. शीट पिवळी रंगवा आणि पारदर्शक डिकल पेपरवर फक्त काळी अक्षरे छापून, क्लिअरने बंद करून लावा. जुन्या सालची गाडी करणार असाल तर पाटीचा रंग त्या सालच्या फोटोवरून घ्या. अगदी शेवटची हवी असेल तर ती २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदलेली, म्हणजे एमएच ०१. वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली.

क्रोमसाठी बंपरला मोलोटोचे लिक्विड क्रोम पेन, काचेच्या पट्ट्यांना बेअर मेटल फॉइल, म्हणजे चिकटणारा धातूचा वर्ख. पेनचे क्रोम दोन दिवस वाळू द्या आणि त्यावर क्लिअर मारू नका, लगेच राखाडी पडते.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याला किट हवे आहे. घर वन-बीएचके. कुठून सुरुवात करावी? (पालक, डोंबिवली)

उत्तर : स्प्रे आणि थिनर नसलेल्या किटपासून. टॅमियाच्या मिनी फोर-डब्ल्यूडी गाड्या १/३२ च्या, दाबून बसणाऱ्या, दोन पेन्सिल सेलवर धावणाऱ्या असतात. स्क्रू ड्रायव्हर आणि साइड कटर एवढ्यात भागते. गाडी धावते म्हटल्यावर अकराव्या वर्षी उत्साह टिकतो. ती नीट झाली की १/२४ चे, इंजिन नसलेले, साध्या रस्त्यावरच्या गाडीचे किट घ्या. फॉर्म्युला वनचे किट पहिले नको. डिकल बघूनच मूल हिरमुसते.

अवजारांत निपर, हॉबी नाइफ, चपटी बारीक कानस, ४०० आणि १००० चा वॉटर पेपर, चिमटा, ६ आणि १० मिलिमीटरची टेप, पातळ सिमेंट. भाग रनरपासून कापताना पहिला काप २-३ मिलिमीटर लांब, दुसरा जवळ. एकदम जवळ कापले की प्लॅस्टिक ताणून पांढरा डाग पडतो आणि तो आत खोलवर असतो. सगळे भाग एकदम सुटे करून ठेवायचे नाहीत, नंबर रनरवर असतात. सिमेंट दोन भाग जुळवून धरल्यावर फटीला ब्रश टेकवून सोडायचा. तो आपणहून ओढला जातो. बोट फटीवर असेल तर बोटाखालून पसरतो आणि ठसा कायमचा उमटतो.

रंग पाण्याने धुता येणारे ॲक्रिलिक, ब्रशने. पुढे कधी स्प्रे आलाच तर गॅलरीत, मोठ्यांच्या हाताने, आणि ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिज असलेला मास्क लावून. कापडी मास्क किंवा एन-९५ थिनरची वाफ अडवत नाही. गाड्यांच्या गॅरेजमधला दोन भागांचा टू-के क्लिअर घरात नकोच. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्यामुळे दमा जडू शकतो.

प्रश्न : पुढची काच चिकटवली आणि आतून पांढरी धुरकट झाली. (वाचक, सातारा)

उत्तर : सुपरग्लूची वाफ. ती हवेतल्या ओलाव्याशी आणि काचेवरच्या बोटांच्या ठशांशी धरते, म्हणून धुरकटपणात ठसे उठून दिसतात. काच सुटत असेल तर काढून २००० नंबर आणि कंपाउंडने चकाकी परत आणता येते. काचा नेहमी पांढऱ्या फेविकॉलने लावा. टूथपिकने कडेला बारीक रेघ, टेपने रात्रभर धरून ठेवा. वाळल्यावर पारदर्शक होतो आणि चुकले तर पाण्याने निघतो.

प्रश्न : बांधलेली गाडी काचेवर ठेवली की एक चाक अधांतरी राहते. (दोन वाचक, ठाणे आणि सोलापूर)

उत्तर : ॲक्सल वाळण्याच्या आत गाडी आरशावर ठेवून, चारही चाके टेकवून, वर छोटे वजन ठेवायला हवे होते. आता कोणता सांधा वाकडा आहे ते बघा, पातळ सिमेंटने तो पुन्हा मऊ करा आणि तेच करा. चासीच पिळलेली असेल तर गरम पाण्यात, ६०-७० अंशांच्या, अर्धा मिनिट धरून हाताने सरळ करा आणि लगेच नळाखाली गार करा. हे रंगाच्या आधी. चासी आणि बॉडी रंगाआधी एकदा कोरडी जुळवून पाहिली असती तर पिळ तेव्हाच दिसला असता.

प्रश्न : वीस वर्षांपूर्वीच्या किटचे टायर रिमला वितळून चिकटले आहेत. (वाचक, सांगली)

उत्तर : मऊ व्हिनाइलमधले प्लॅस्टिसायझर हळूहळू पॉलिस्टायरीनमध्ये जाते आणि ते विरघळवते. गरम कपाटात लवकर. टायर कापून काढा, रिमवरचा चिखल झालेला थर वाळू देऊन घासा. रिम फार खाल्ली गेली असेल तर दुसऱ्या किटमधली शोधा. नव्या गाडीत रिमभोवती नळवाल्यांची पांढरी टेफ्लॉन टेप एक वेढा देऊन मग टायर चढवा. न बांधलेल्या जुन्या किटची पेटी आज उघडा आणि टायर वेगळ्या पाकिटात ठेवा, विशेषतः काचेच्या रनरला टेकलेले असतील तर.